खेळ संपतो कधी?

"किती वेळची बोलावून राहिली मी! जेवण थंड होऊन राहिलं न!"

"आलो न आई, ही शेवटची मॅच."

नागपुरात रात्री साडेनऊच्या सुमारास हा संवाद बऱ्याच घरांतून ऐकू येतो. पुणे-मुंबईकडे क्रियापदं बदलतात, बाकी सगळं तेच. आई आणखी दोनदा हाक मारते, मग वडिलांचा आवाज चढतो, मग फोन हिसकावला जातो आणि जेवण खरंच थंड होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच शेवटची मॅच.

यात पोरगा खोटं बोलतो असं नाही. ही मॅच शेवटची आहे, असं त्याला त्या क्षणी मनापासून वाटत असतं. मग ती शेवटची ठरत का नाही? याचं उत्तर शोधताना आपण बहुतेक वेळा मुलांच्या स्वभावाकडे किंवा आईवडिलांच्या धाकाकडे बघतो. मला वाटतं, खेळांच्या इतिहासाकडे बघायला हवं. 'मुलं खेळतात का' हा प्रश्न कोणत्याच पिढीला पडलेला नाही. मुलं खेळतातच. बदलत गेलं ते एवढंच, की खेळ कोण संपवतं.

दिवेलागण, नाणं आणि लोडशेडिंग

गिल्ली-डंडा, कंचे, लगोरी, विषामृत. हे खेळ कुणी कितीही रंगात येऊन खेळो, त्यांना एक पंच होता आणि त्याच्याशी वाद घालता येत नसे. तो पंच म्हणजे सूर्य. दिवेलागण झाली की गिल्ली दिसेनाशी व्हायची आणि पोट्टे आपापल्या घरी जायचे. नागपूरच्या उन्हाळ्यात तर हा पंच दुपारीही शिट्टी वाजवायचा. पारा ४५ अंशांच्या वर गेल्यावर मैदानात कोण थांबणार? म्हणून सकाळचा खेळ नऊच्या आत संपायचा, संध्याकाळचा सहानंतर सुरू व्हायचा.

गल्ली क्रिकेटमध्ये आणखी एक पंच होता, ज्याची बॅट तो. त्याला आईनं हाक मारली, की मॅच कितीही अटीतटीची असो, खेळ खलास.

नव्वदच्या दशकात शहरांच्या गल्लीबोळांत व्हिडिओ गेमची पार्लरं निघाली. अंधारी खोली, चार-पाच मोठी यंत्रं आणि त्यांच्याभोवती गर्दी. १९९३ साली कॅपकॉम या जपानी कंपनीनं 'कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स' नावाचा खेळ आणला. हे नाव भारतात कुणाच्या तोंडी बसलं नाही. त्यातल्या एका पात्राच्या नावावरून सगळे त्याला 'मुस्तफा' म्हणू लागले. आज चाळिशीत असलेल्या कुणासमोर नुसतं 'मुस्तफा' म्हणून बघा, चेहरा उजळेल. पालकांच्या दृष्टीनं हे पार्लर म्हणजे बिघडण्याचा अड्डा होता. पण त्या अड्ड्यालाही शेवट होता. खिशातलं नाणं संपलं, की खेळ संपला. मग दुसऱ्याच्या खांद्यावरून बघत उभं राहायचं.

पुढे टीव्हीला जोडायचा गेम घरात आला. निन्टेन्डो कंपनीच्या जुन्या यंत्राच्या स्वस्त नकला, त्यावर मारिओ आणि कॉन्ट्रा. पण घरात टीव्ही एकच. बातम्यांची वेळ झाली की आजोबा रिमोट मागायचे. विदर्भातल्या गावांत याहून मोठा पंच होता, लोडशेडिंग. दोन हजारच्या दशकात महाराष्ट्रात वीज तासन्‌तास जायची. वीज गेली की मारिओ जिथे असेल तिथेच मरायचा. सायबर कॅफेत काउंटर-स्ट्राइक खेळणाऱ्यांना तासाचे पैसे मोजावे लागायचे. नोकियाच्या फोनवर १९९७ साली आलेला साप तर आपल्याच शेपटीला धडकून संपायचा, आणि फोनही बाबांचा असायचा.

थोडक्यात, आधीच्या पिढ्या फार संयमी होत्या हा गैरसमज आहे. 'आम्ही खेळायचो पण वेळेवर घरी यायचो' असं सांगणाऱ्या काकांना संयम सूर्यानं, नाण्यानं आणि वीज मंडळानं पुरवला होता.

५ सप्टेंबर २०१६ ला जिओची सेवा सुरू झाली आणि डेटा एकदम स्वस्त झाला. २०१८ साली पब्जी मोबाइल आला. त्यानं सगळे पंच एका दमात मैदानाबाहेर काढले. अंधार पडला तरी पडदा उजळलेलाच. नाणं लागत नाही, खेळ फुकट. वीज गेली तरी बॅटरी आहे. टीव्ही कुणाला द्यायचा नाही, कारण फोन आपल्या मुठीत आहे. एक मॅच साधारण अर्ध्या तासात संपते, पण खेळ संपत नाही. रँक वाढवायची असते, रोज लॉगिन केल्याचं बक्षीस असतं, सीझन संपायच्या आत मिळवायच्या वस्तू असतात आणि स्क्वॉडमधले तीन मित्र 'चल न बे, अजून एक' म्हणत असतात. जगभरातले हुशार इंजिनिअर ज्या खेळाला शेवट राहू नये म्हणून पगार घेतात, तो खेळ पंधरा वर्षांच्या पोरानं एकट्यानं संपवावा, अशी आपली अपेक्षा असते.

मार्च २०२० मध्ये शाळाच फोनमध्ये आली. वर्ग त्याच पडद्यावर, गृहपाठ त्याच पडद्यावर, मित्रही त्याच पडद्यावर. शाळा पुन्हा इमारतीत परतली, फोन मात्र हातातच राहिला.

हातोडा चालवून पाहिला

खेळ आपोआप संपत नसेल तर कायद्यानं संपवावा, हा विचारही नवा नाही. १९४२ साली न्यूयॉर्कचे महापौर फिओरेल्लो लागार्डिया यांनी पिनबॉलवर बंदी घातली. हा जुगार आहे आणि मुलांच्या खिशातले पैसे लुबाडतो, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी स्वतः हातोडा घेऊन यंत्रं फोडली आणि त्याचे फोटो छापून आले. ही बंदी १९७६ पर्यंत टिकली. १९८१ साली ब्रिटनच्या संसदेत जॉर्ज फोक्स या खासदारानं 'स्पेस इन्व्हेडर्स'सारख्या खेळांवर नियंत्रण आणणारं विधेयक मांडायचा प्रयत्न केला आणि तो थोडक्या मतांनी हुकला. त्याच वर्षी फिलिपिन्समध्ये मार्कोस यांनी व्हिडिओ गेमवर थेट बंदीच घातली.

दक्षिण कोरियानं २०११ साली फार गांभीर्यानं प्रयत्न केला. सोळा वर्षांखालच्या मुलांना रात्री बारा ते सकाळी सहा ऑनलाइन गेम खेळायला मनाई. मुलांनी आईवडिलांचे ओळख क्रमांक वापरून लॉगिन केलं. शिवाय कायदा मुख्यतः कॉम्प्युटरवरच्या खेळांसाठी होता आणि तोवर मुलं मोबाइलकडे वळली होती. दहा वर्षांनी, १ जानेवारी २०२२ पासून तो कायदा इतिहासजमा झाला. चीननं २०२१ साली याहून कडक नियम केला. अठरा वर्षांखालच्या मुलांना फक्त शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी, रात्री आठ ते नऊ. तिथे कंपन्या आणि सरकार दोघं मिळून प्रत्येक खेळाडूची ओळख तपासतात. तेवढी नजर आपल्यावर असावी का, याचा विचार ज्यानं त्यानं करावा.

आपल्याकडे मार्च २०१९ मध्ये राजकोट पोलिसांनी पब्जीवर बंदी घातली आणि खेळताना सापडलेल्या काही तरुणांना अटकही केली. पुढे २ सप्टेंबर २०२० ला केंद्र सरकारनं ११८ चिनी ॲप बंद केली, त्यात पब्जी होता. कारण मुलांचं नव्हतं, सीमेवरच्या तणावाचं आणि डेटाच्या सुरक्षेचं होतं. तरी अनेक घरांत पेढे वाटावेत असा आनंद झाला. तो टिकला नाही. पोरं फ्री फायरवर गेली आणि जुलै २०२१ मध्ये पब्जीच नवं नाव घेऊन बीजीएमआय म्हणून परत आला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानं पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर बंदी आणली. त्याची गरज होतीच, पण आईच्या 'जेवायला ये'चा प्रश्न त्या कायद्याच्या कक्षेत येत नाही. ई-स्पोर्ट्सला तर त्या कायद्यानं मान्यताच दिली आहे.

या सगळ्या बंद्यांनी एकच काम केलं. त्यांनी वेळ रिकामा केला. त्या रिकाम्या वेळात मुलांनी काय करायचं, हे कुणीच सांगितलं नाही.

फुटकी बादली

हे सांगणारा माणूस नागपुरात भेटतो. विजय बारसे हे हिस्लॉप कॉलेजमध्ये खेळाचे शिक्षक होते. २००१ च्या सुमाराची गोष्ट. पाऊस सुरू होता आणि झोपडपट्टीतली काही पोरं चिखलात एक फुटकी बादली लाथाडत होती. बारसे थांबून बघत राहिले. मग त्यांनी त्या पोरांना एक फुटबॉल दिला.

तेव्हा त्या वस्त्यांमध्ये मोबाइलचा प्रश्न नव्हता. दारू, गांजा, चोऱ्यामाऱ्या असे त्याहून जुने प्रश्न होते. शिक्षक म्हणून बारसेंनी 'व्यसन वाईट' असं भाषण दिलं असतं, तर पोरांनी मान डोलावून पुन्हा बादली लाथाडली असती. त्यांच्या लक्षात आलं ते साधं होतं. जोवर पोरं मैदानात आहेत, तोवर ती बाकी सगळ्या भानगडींपासून लांब आहेत. मग मैदानातला वेळ वाढवायचा. त्यांनी 'झोपडपट्टी फुटबॉल' या नावानंच स्पर्धा भरवली. नावावर लोकांनी नाकं मुरडली, पण शंभराहून जास्त संघ उतरले. त्यातून क्रीडा विकास संस्था आणि 'स्लम सॉकर' उभं राहिलं. बेघरांच्या फुटबॉल विश्वचषकाची स्पर्धा २००३ साली ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात सुरू झाली होती. नागपूरच्या वस्त्यांमधली पोरं पुढे भारताची जर्सी घालून त्या स्पर्धेत खेळली. २०१६ साली फिफानं स्लम सॉकरला विविधतेसाठीचा पुरस्कार दिला. २०२२ साली नागराज मंजुळेंचा 'झुंड' आला आणि अमिताभ बच्चन यांच्या रूपात ही गोष्ट देशभर पोचली.

'झुंड' पाहिला असेल तर त्यातली भिंत आठवत असेल. एका बाजूला कॉलेजचं हिरवं मैदान, दुसऱ्या बाजूला वस्ती. पोरांना खेळायची इच्छा नव्हती असं नाही, मध्ये भिंत होती. आजही 'मुलं मैदानात जात नाहीत' म्हणून ओरड होते, तेव्हा ही भिंत आठवावी. मैदान आहे का? असलं तर त्यावर आज प्रदर्शन आहे, लग्न आहे की सभा? फाटक उघडं आहे का? मुलींना तिथे संध्याकाळी सातला सुरक्षित वाटतं का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, तिथे कुणी वाट बघतंय का?

कारण नुसत्या मैदानानं भागत नाही. विदर्भाला हे शंभर वर्षांपासून ठाऊक आहे. १९१४ साली अमरावतीत वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केलं. एका आखाड्यापासून सुरुवात झाली आणि १९३६ साली मंडळाच्या पथकानं बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जाऊन कबड्डीसारख्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. त्याच १९१४ साली पुण्यात डेक्कन जिमखान्यानं खो-खोचे नियम बांधले. तोपर्यंत गावोगावी आपापल्या पद्धतीनं चालणारा पोरांचा खेळ नियमांत आला. त्याला वेळ मिळाली, डाव मिळाले, पंच मिळाला. जागा, रोजची ठरलेली वेळ आणि 'काल का आला नाहीस?' असं विचारणारा एक मोठा माणूस, एवढ्या तीन गोष्टींवर आखाडे चालले आणि झोपडपट्टी फुटबॉलही चाललं.

आता बीजीएमआयच्या स्क्वॉडकडे बघा. ठरलेली जागा आहे. ठरलेली वेळ आहे, रात्री दहा. आणि 'कहां था बे कल?' असं विचारणारे तीन मित्र आहेत. गेमनं आपल्या आखाड्याची युक्ती उचलली आहे. म्हणून 'फोन ठेव आणि जा बाहेर' हे वाक्य इतकं पोकळ वाटतं. बाहेर कुणी वाट बघत नसतं.

भोंगा सगळ्यांसाठी

संध्याकाळ परत आणण्याचा प्रयत्न महाराष्ट्रातल्या दोन गावांनी २०२२ साली केला. दोन्ही प्रयत्न शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत.

यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यात बान्सी नावाचं गाव आहे. तिथल्या ग्रामसभेनं नोव्हेंबर २०२२ मध्ये ठराव केला, की अठरा वर्षांखालच्या मुलांनी मोबाइल वापरायचा नाही. ऑनलाइन शाळेच्या काळात मुलं फोनच्या नादी लागली, ही त्यामागची काळजी खरी होती.

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकारानं १५ ऑगस्ट २०२२ पासून तिथे रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला. भोंगा वाजला की टीव्ही आणि फोन बंद. साडेआठला पुन्हा वाजला की सुरू. हा दीड तास मुलांनी अभ्यास करायचा, वाचायचं, मोठ्यांनी एकमेकांशी बोलायचं.

फरक लक्षात आला? पहिला नियम फक्त पोरांसाठी आहे. दुसरा भोंगा आजीची मालिकाही बंद करतो आणि बाबांचं व्हॉट्सॲपही. वडगावनं जे केलं ते कृत्रिम लोडशेडिंग आहे, आणि लोडशेडिंगमध्ये कुणालाच अपमान वाटत नाही, कारण अंधार सगळ्यांच्या घरात असतो. बाबा सोफ्यावर रील बघत पोराला 'गेम बंद कर' म्हणतात तेव्हा पोराला राग गेम बंद झाल्याचा कमी आणि अन्यायाचा जास्त येतो. हे सोळाव्या वर्षी आपल्या सगळ्यांना नेमकं कळत होतं. चाळिशीत विसरायला होतं.

पडद्यावरचं घड्याळ

आता कुणी म्हणेल, पडदाच वाईट. नागपूरच्याच दिव्या देशमुखची गोष्ट बघा. ऑगस्ट २०२० मध्ये, करोनाच्या काळात, बुद्धिबळाचं ऑलिंपियाड पहिल्यांदाच ऑनलाइन झालं. भारतीय संघात चौदा वर्षांची दिव्या होती. रशियाविरुद्धच्या अंतिम लढतीत तिचं आणि निहाल सरीनचं इंटरनेट तुटलं आणि दोघं वेळेवर हरले. भारतानं दाद मागितली आणि सुवर्णपदक दोन्ही देशांना विभागून मिळालं. 'नेट गेलं' म्हणून मॅच हरल्याचं दुःख या देशात तुम्हालाच आहे असं समजू नका. जुलै २०२५ मध्ये तीच दिव्या जॉर्जियातल्या बातुमीत कोनेरू हम्पीला हरवून महिला विश्वचषक जिंकली आणि भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती.

तिचा खेळही कित्येक तास पडद्यासमोर होतो. पण बुद्धिबळात घड्याळ असतं. डाव संपतो. हरलेला डाव प्रशिक्षकासोबत पुन्हा मांडला जातो, कुठे चुकलं ते बघितलं जातं. ई-स्पोर्ट्समध्ये खरोखर पुढे जायचं असेल तरी हेच लागतं. २०२३ मध्ये हांगझोऊला झालेल्या आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्सला पदकं होती, पण पदकासाठी खेळणाऱ्याचा सराव ठरलेल्या वेळी सुरू होतो आणि ठरलेल्या वेळी संपतो. रात्री दोनपर्यंत रँक चढवत बसणं म्हणजे सराव नव्हे, हे तुम्हालाही माहीत असतं.

जागतिक आरोग्य संघटनेनं 'गेमिंग डिसऑर्डर' आपल्या आजारांच्या यादीत घातला. ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. गंमत म्हणजे त्या व्याख्येत तासांचा आकडा नाही. खेळ सुरू करण्या-थांबवण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्या गोष्टींपेक्षा खेळच महत्त्वाचा होणं, आणि नुकसान दिसत असूनही तो चालूच राहणं, हे साधारण वर्षभर टिकलं तर तो आजार. म्हणजे खेळणारा प्रत्येक पोरगा आजारी नाही. पण स्वतःत किंवा मित्रात ही तीन लक्षणं ओळखू आली, तर ती आळसाची नाहीत, मदत मागायची आहेत. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा नंबर त्यासाठी आहे.

शेवटची मॅच

मग साडेनऊच्या त्या संवादाचं काय करायचं?

आईबाबांनी एक गोष्ट शिकावी. ही मॅच मध्येच थांबवता येत नाही. मध्येच फोन ओढणं म्हणजे शेवटच्या षटकात पोराला मैदानातून कान धरून आणणं. 'आत्ताच्या आत्ता' ऐवजी 'ही झाली की ये' म्हणावं, आणि खेळ सुरू व्हायच्या आधी किती मॅच ते ठरवावं. तासांपेक्षा डाव मोजणं पोरांना न्याय्य वाटतं, कारण खेळ डावांतच मोजला जातो. आणि जेवताना सगळ्यांचेच फोन दुसऱ्या खोलीत असावेत.

पण मला जास्त आशा तुमच्याकडून आहे, म्हणजे फोनवर हे वाचणाऱ्या वीस-बावीस वर्षांच्या दादा-ताईंकडून. तुमच्या गल्लीतल्या तेरा वर्षांच्या पोराला आईपेक्षा तुमचं म्हणणं पटतं. पाच ते सतरा वयाच्या मुलांना दिवसाला सरासरी एक तास घाम येईल अशी हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. एक तास म्हणजे दोनच मॅच. संध्याकाळी सहाला ग्रुपवर 'कोण कोण येऊन राहिला बे?' एवढा एक मेसेज टाका, आणि जो येणार नाही त्याला दुसऱ्या दिवशी विचारा, काल काऊन नाही आला.

बारसे सरांनी त्या दिवशी पोरांना हटकलं नाही, बादली फेकायलाही सांगितलं नाही. ते पावसात थांबले, पोरं कशी खेळतात ते बघितलं आणि मग बॉल दिला. आपल्याकडे बॉल बहुतेक असतोच. कपाटावर, हवा गेलेला. पंप शोधावा लागेल.